‘सदृश’ हा शब्द गाळू नये

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मुठेच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या एका फेजच्या, म्हणजे जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या, जनुकांचा तक्ता मला तपासायला दिला. तक्त्यात ११२ ओळी होत्या आणि त्यांपैकी सत्तरहून अधिक ओळींसमोर ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ असा शेरा होता. म्हणजे जनुक दिसते आहे, त्यातून प्रथिन तयार होत असावे, पण ते काय करते याचा पत्ता नाही. फेजच्या बाबतीत हे नेहमीचेच असल्यामुळे त्याचे मला काही वाटले नाही. मी थांबले ती सत्तेचाळिसाव्या ओळीपाशी. तेथे १६४ अमिनो आम्लांच्या एका लहानशा प्रथिनासमोर तिने निःशंकपणे लिहिले होते : ‘कार्य – प्रथिनांवरील एडीपी-रायबोज काढून टाकणे’. हे कशावरून, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, अल्फाफोल्डने रचना दिली, ती फोल्डसीकमध्ये टाकली, तर मॅक्रोडोमेनशी जुळली. गुण ०.७८ आला. इतकं जुळल्यावर काम तेच असणार ना?”

अल्फाफोल्ड ही अमिनो आम्लांच्या मालिकेवरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवणारी आज्ञावली, आणि फोल्डसीक ही तशा रचना एकमेकींशी जुळवून पाहणारी. मॅक्रोडोमेन ही प्रथिनांत आढळणारी एक ठरावीक घडी, म्हणजे मालिका दुमडून बनलेला आकार; आणि एडीपी-रायबोज हा पेशी प्रथिनांवर खूण म्हणून चढवते तो एक लहान रेणू. तिचा प्रश्न बाळबोध नव्हता. विषाणूंच्या प्रथिनांचे कार्य संगणकावरून ओळखण्याचा सारा उद्योग याच प्रश्नाभोवती फिरतो. मी तिला उभ्या उभ्या जे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून आता सवडीने लिहिते आहे. त्यासाठी मी करोना विषाणूंच्या कुळाचा आधार घेते, कारण संगणकाने आधी केलेले भाकीत आणि प्रयोगशाळेने मागाहून दिलेला निकाल यांचा तीसहून अधिक वर्षांचा जमाखर्च ज्या मोजक्या विषाणूंबाबत मांडता येतो त्यांत हे कूळ येते, आणि त्या जमाखर्चात खर्चाची बाजूही जमेइतकीच बोलकी आहे.

कोंबड्यांना होणाऱ्या सांसर्गिक ब्राँकायटिसचा विषाणू हा या कुळातला. त्याच्या आरएनएचा संपूर्ण क्रम इंग्लंडमधील संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. त्याची लांबी होती २७,६०८ अक्षरे, म्हणजे त्या वेळी ठाऊक असलेल्या आरएनए विषाणूंमध्ये सर्वांत मोठी. त्या क्रमाच्या सुमारे पहिल्या दोन-तृतीयांश भागातून साडेसहा हजारांवर अमिनो आम्लांचे एकच अजस्र प्रथिन तयार होते. ते अखंड राहून काम करीत नाही. त्याचे ठरावीक जागी तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा आपापले काम पाहतो. मात्र हे तुकडे नेमके कोठे पडतात, ते कोण पाडते आणि कोणत्या तुकड्याकडे कोणते काम आहे, यांपैकी प्रयोगाने सिद्ध झालेले जवळजवळ काहीच नव्हते. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, सोव्हिएत संघातील गोर्बालेन्या, कूनिन, डोन्चेन्को आणि ब्लिनोव्ह या चौघांनी केवळ अमिनो आम्लांच्या मालिकांची तुलना करून त्या अजस्र प्रथिनाचा नकाशा मांडला : येथे आरएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम), येथे आरएनएचा पीळ सोडवणारे, येथे प्रथिन कापणारी दोन निरनिराळी विकरे. विषाणूला हात न लावता काढलेला हा नकाशा ठळक रेषांपुरता आजही तसाच्या तसा उभा आहे.

हे कसे साधले, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आजची बहुतेक साधने मुळात त्याच युक्तीवर चालतात. आरएनए विषाणू इतक्या वेगाने बदलतात की, दोन दूरच्या कुळांत एकच काम करणाऱ्या विकरांमध्ये शंभरातील दहा-पंधरा अमिनो आम्लेच समान उरतात, आणि एवढे साम्य तर कोणत्याही दोन परक्या प्रथिनांतही योगायोगाने सापडते. म्हणून साम्य किती आहे यापेक्षा ते कोठे आहे हे पाहावे लागते. एखाद्या जुन्या पोथीच्या पाच-पंचवीस हस्तलिखित प्रती समोर ठेवून पाठ ठरवणारा अभ्यासक जे करतो तेच येथे करायचे असते : कोणत्या शब्दांत नकलाकारांनी मनमुराद फेरफार केले आणि कोणत्या शब्दाला कोणीही धक्का लावला नाही, हे ओळीओळीने ताडून पाहायचे. फरक एवढाच की, पोथीत शब्द टिकतो तो नकलाकाराच्या श्रद्धेमुळे किंवा छंदाच्या सक्तीमुळे, आणि विषाणूत अमिनो आम्ल टिकते ते त्या जागी बदल झालेली प्रत पुढे तगतच नाही म्हणून. आरएनएची नक्कल करणाऱ्या विकरांत ग्लायसिन आणि त्यामागून दोन अस्पार्टिक आम्ले असे त्रिकूट अनेक विषाणूंत कायम असल्याचे १९८४ सालीच लक्षात आले होते. करोना विषाणूंत मात्र त्यातील ग्लायसिनच्या जागी सेरिन आहे. केवळ त्रिकूट शोधत गेलेल्या माणसाच्या हातून ते निसटले असते; आजूबाजूची न बदलणारी स्थानेही हिशेबात धरणाऱ्याला ते सापडले.

एका मालिकेशी दुसरी मालिका न जुळवता सबंध कुटुंबाचा मिळून एक सारांश तयार करायचा आणि नवीन प्रथिन त्या सारांशाशी ताडायचे, ही रीत पुढे संगणकाच्या आज्ञावलींत पक्की बसली. १९९० मध्ये आलेले ब्लास्ट मालिकेशी मालिका जुळवत होते, १९९७ मधील पीएसआय-ब्लास्ट कुटुंबाशी मालिका जुळवू लागले आणि २००५ मधील एचएचप्रेड दोन कुटुंबांचे सारांशच एकमेकांशी ताडू लागले. साधने बदलत गेली तशी अधिकाधिक दूरची नाती दिसू लागली, पण जे दिसते ते नातेच असते. नात्यावरून स्वभाव ओळखण्याचे काम माणसाकडेच राहते, आणि लग्नाची बोलणी केलेल्या कोणत्याही घराला ठाऊक आहे की ते काम किती बेभरवशाचे असते.

१९८९ च्या त्या नकाशातील प्रथिन कापणाऱ्या विकराची गोष्ट मला विशेष प्रिय आहे. पोलिओच्या विषाणूत ‘३सी’ नावाचे एक विकर असते. त्याच्या बाबतीत याच गटातील तिघांनी १९८६ साली असे सुचवले होते की, हे विकर कापण्यासाठी सिस्टीनचा वापर करीत असले, तरी त्याची जात आपल्या आतड्यात पचनाचे काम करणाऱ्या आणि सेरिन वापरणाऱ्या कायमोट्रिप्सिनशी मिळतीजुळती असावी. १९९४ मध्ये हिपॅटायटिस-ए आणि सर्दीच्या विषाणूंतील ३सी विकरांच्या स्फटिकरचना हाती आल्या तेव्हा त्यांची घडी खरोखरच कायमोट्रिप्सिनसारखी निघाली. १९८९ मध्ये कोंबडीच्या विषाणूतही गोर्बालेन्या यांच्या गटाला याच धाटणीचा एक तुकडा दिसला आणि त्याला ‘३सी-सदृश’ म्हटले गेले. तो कोणत्या हिस्टिडिन व सिस्टीनच्या जोरावर कापतो हेही त्यांनी दाखवून दिले, आणि ती दोन्ही स्थाने पुढे प्रयोगांत खरी ठरली. तिसरे एक ग्लुटामिक आम्लही त्यांनी या कामात धरले होते, कारण ३सी विकरांत तसे तिसरे आम्लधर्मी स्थान असते. ते मात्र चुकले. ते ग्लुटामिक आम्ल बदलून पाहिले तरी विकर चालतच राहिले, आणि २००२ साली डुकरांच्या एका करोना विषाणूतील याच विकराची रचना मिळाली तेव्हा तिसऱ्याच्या जागी पाण्याचा एक रेणू बसलेला आढळला. म्हणजे विकर ‘३सी’ नव्हते, ‘३सी-सदृश’च होते. नावातला तो लहानसा शब्द त्यांनी टाकला तो विनयापोटी नव्हे; शास्त्रीयदृष्ट्याच तो आवश्यक होता. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत तातडीच्या वापराची परवानगी मिळालेल्या पॅक्सलोविडमधील निर्माट्रेल्विर हे औषध कोविडच्या विषाणूतील याच विकराच्या १४५व्या क्रमांकाच्या सिस्टीनला जाऊन चिकटते, तेव्हा कोंबडीच्या विषाणूतील समकक्ष सिस्टीनवर १९८९ साली ठेवलेले ते बोट मला आठवते.

पुढे २००३ साली सार्सची साथ आली आणि काही आठवड्यांतच सुमारे २९,७०० अक्षरांचा नवा क्रम जगासमोर आला. नेदरलँड्समधील लायडनचे एरिक स्नायडर आणि गोर्बालेन्या यांच्या गटाने त्याच वर्षी त्यावरचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. अजस्र प्रथिनाच्या सोळा तुकड्यांपैकी ज्यांचे काम अज्ञात होते त्यांतील काहींना त्यांनी कामे नेमून दिली. चौदाव्या तुकड्यात आरएनए टोकाकडून कुरतडणारे विकर, पंधराव्यात आरएनए मध्येच तोडणारे, सोळाव्यात मिथाइल गट बसवणारे, आणि तिसऱ्या, सर्वांत मोठ्या तुकड्यात एडीपी-रायबोजशी संबंधित एक विकर असावे, असे त्यांचे म्हणणे होते. चारही गोष्टी प्रयोगाने पुढे खऱ्या ठरल्या. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात, आणि म्हणूनच ‘खऱ्या ठरल्या’ म्हणजे नेमके काय झाले ते सविस्तर सांगणे मला भाग पडते.

चौदावा तुकडा घ्या. आरएनए विषाणूंकडे नक्कल तपासण्याची सोय नसते, म्हणून चुका फार होतात, आणि जनुकसंच फार मोठा असेल तर चुकांच्या ओझ्याखालीच तो बुडतो, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. मग तीस हजार अक्षरांचा करोना विषाणू तगतो कसा? चौदाव्या तुकड्यात दिसलेली ठेवण ही डीएनएची नक्कल करताना चुकीचे अक्षर मागे वळून काढून टाकणाऱ्या विकरांच्या कुटुंबाची होती, आणि त्यामुळे भाकिताबरोबर एक सुसंगत कथाही मिळाली. २००६ साली या तुकड्याची कुरतडण्याची क्रिया परीक्षानळीत दिसली. २००७ मध्ये उंदरांच्या करोना विषाणूत ती क्रिया बंद पाडली तेव्हा विषाणू जिवंत राहिला, पण त्यातील बदलांचे प्रमाण सुमारे १५ पटींनी वाढले. भाकिताचा याहून देखणा विजय मला तरी ठाऊक नाही. तरीही तपशिलात दुरुस्त्या कराव्याच लागल्या. मालिकेवरून ज्या आम्लधर्मी स्थानांना क्रियेचे केंद्र मानले होते त्यांपैकी एक स्थान २०१५ च्या स्फटिकरचनेने बदलून दिले. हे विकर एकटे जेमतेम चालते आणि दहाव्या तुकड्याची जोड मिळाली की त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो, हे मालिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. शिवाय मर्सच्या आणि कोविडच्या विषाणूंत हीच क्रिया बंद केली तर विषाणू वाढतच नाही, असे २०२० मध्ये दिसून आले. तेव्हा चुका दुरुस्त करण्यापलीकडे या तुकड्याकडे आणखीही काही काम असले पाहिजे.

याच तुकड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल २००३ च्या अभ्यासात भाकीतच नव्हते. तो अर्धा भाग आरएनएच्या टोकावरील टोपीला मिथाइल गट बसवतो, हे वुहानमधील संशोधकांनी २००९ साली यीस्टच्या मदतीने शोधून काढले. यीस्टचे स्वतःचे हे काम करणारे विकर काढून घेतले तर ते मरते. त्याच्या जागी विषाणूचे एकेक प्रथिन घालून कोणते यीस्टला वाचवते हे त्यांनी पाहिले, आणि चौदाव्या तुकड्याने ते वाचवले. सोळाव्या तुकड्यातील मिथाइल गट बसवणारे विकर ज्या तुलनेला दिसले, तिला चौदाव्यातील का दिसले नाही? उत्तर पुढे त्याच २०१५ च्या रचनेत मिळाले. सोळाव्या तुकड्यातील विकराची घडी त्या जातीच्या विकरांत नेहमी आढळणारी आहे, तर चौदाव्यातील विकराची घडी त्या साच्यात बसतच नाही. ओळखीच्या वेशात येणाऱ्यालाच ओळखणारा द्वारपाल असेल, तर वेश बदलून आलेला सरदार दाराबाहेरच राहतो. साधनाने ‘काही सापडले नाही’ असे सांगितले म्हणजे तेथे काही नाही, असा अर्थ घेणे किती धोक्याचे, याचे हे उदाहरण माझ्या प्रत्येक बॅचला ऐकावे लागते.

पंधराव्या तुकड्याची चूक वेगळ्या प्रकारची आहे, आणि मला ती सर्वांत शिकवणारी वाटते. त्याचे साम्य झेनोपस नावाच्या बेडकातील एका विकराशी दिसले. ते बेडकातील विकर केंद्रकातील एका लहान आरएनएला युरिडिनपाशी तोडून अंतिम रूप देते. आरएनएवर प्रक्रिया करणारी पेशीतील अशी आणखीही विकरे याच विषाणूत सदृश रूपाने दिसत असल्यामुळे, हा सारा संच विषाणूतही आरएनएवर तशीच एखादी प्रक्रिया करीत असेल, असा तर्क मांडला गेला. पंधरावा तुकडा युरिडिनपाशी आरएनए तोडतो हे २००४ मध्येच सिद्ध झाले; म्हणजे क्रिया अचूक ओळखली गेली होती. पण विषाणू ती क्रिया कशासाठी वापरतो, याचे पटणारे उत्तर २०१७ मध्ये आले : नक्कल करताना तयार होणारा दुपदरी आरएनए पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेस पडू नये, म्हणून त्याची विल्हेवाट लावण्यासाठी. तोडण्याची सुरी तीच, पण एका घरात ती भाजी चिरते आणि दुसऱ्या घरात पुरावा नष्ट करते. सुरी ओळखणाऱ्याने तिचा उपयोगही ओळखला असे आपण गृहीत धरले की, तेरा वर्षे चुकीच्या दिशेने जाऊ शकतात.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या मॅक्रोडोमेनकडे येते. मॅक्रोडोमेन ही सुमारे दीडशे अमिनो आम्लांची एक सुबक घडी असून ती जीवाणूंपासून माणसापर्यंत आढळते; तिच्या खोबणीत बहुधा एडीपी-रायबोज बसते. पेशी विषाणूविरुद्धच्या लढाईत प्रथिनांवर एडीपी-रायबोजच्या खुणा चढवते आणि करोना विषाणूच्या तिसऱ्या तुकड्यातील मॅक्रोडोमेन त्या खुणा पुसून टाकते, हे आज आपण जाणतो. २००३ चे भाकीत मात्र त्याला यीस्टमधील एका वेगळ्याच लहान रेणूवर काम करणारे विकर समजत होते. ती क्रियाही २००५ मध्ये परीक्षानळीत दिसली, त्यामुळे भाकीत ‘खरे’ म्हणायला हरकत नाही. पण सार्सच्या विषाणूतील या मॅक्रोडोमेनचे एकच अस्पॅराजिन बदलले की उंदरांमधील आजार सौम्य होतो आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनांचा प्रतिसाद वाढतो, असे २०१६ मध्ये दिसले, तेव्हा कुठे त्याचे खरे महत्त्व कळले.

आणि खरी गंमत त्याच तिसऱ्या तुकड्यात थोडी पुढे आहे. सार्सच्या विषाणूत या मॅक्रोडोमेनच्या पाठोपाठ एक असा भाग येतो, ज्याचे मालिकेवरून कोणाशीच नाते लागत नव्हते. २००९ मध्ये त्याची रचना समोर आली तेव्हा त्यात आणखी दोन मॅक्रोडोमेन शेजारी शेजारी बसलेली निघाली. घडी तीच. पण ही दोन्ही एडीपी-रायबोजला धरतच नाहीत. ती ग्वानिनने भरलेल्या, चौपदरी गुंडाळ्या करणाऱ्या न्यूक्लिइक आम्लांना धरतात. एकाच प्रथिनात, एकाच माळेत ओवलेल्या तीन मॅक्रोडोमेनपैकी एक विकर आहे आणि दोन नाहीत. “इतकं जुळल्यावर काम तेच असणार ना?” या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत नेमके उत्तर हेच आहे.

फोल्डसीकसारख्या साधनांचे मोल यामुळे मुळीच कमी होत नाही. मालिका झिजून ओळखीपलीकडे गेली तरी घडी टिकून राहते, हे १९८६ पासून आकडेवारीनिशी ठाऊक आहे. अडचण अशी होती की, घडी पाहायला स्फटिक बनवावा लागे आणि त्यात वर्षे जात. अल्फाफोल्डने २०२० मध्ये ती अडचण मोठ्या प्रमाणावर दूर केली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोल्डसीकने प्रत्येक अमिनो आम्लाच्या भोवतालची भूमिती वीस अक्षरांच्या एका लिपीत लिहून कोट्यवधी रचनांमधला शोध काही सेकंदांवर आणला. त्याच्या तुलनेतून मिळणारा तो ०.७८ हा गुण ० ते १ या मापावर मोजतात, आणि ०.५ च्या वर गेला की दोन्ही घड्या सहसा एकच मानतात. म्हणजे घडीविषयी माझ्या विद्यार्थिनीचे निदान भक्कम होते. मात्र अल्फाफोल्डही शेवटी त्या पोथ्यांच्या प्रतींवरच विसंबून असते. ज्या प्रथिनाचे भाऊबंद संग्रहात नाहीत त्याच्या रचनेविषयी ते स्वतःच कमी खात्री दर्शवते, आणि विषाणूंत अशी निपुत्रिक नव्हे, तर निर्बंधू प्रथिने मुबलक असतात. नॉम्बर्ग, डाउडना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये वनस्पती, प्राणी अशा सकेंद्रक पेशींच्या ४,४६३ विषाणूंतील ६७,७१५ प्रथिनांच्या रचना संगणकाने काढल्या. त्यांतील ६२ टक्के प्रथिनांना अल्फाफोल्डच्या विशाल संग्रहात जोडीदार सापडला नाही. उरलेल्यांतून मात्र नवी नाती उलगडली, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांनी निवडक नात्यांची क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहिली.

जुळणीच्या आकड्यांचा अर्थ लावण्यात घाई झाली की काय होते, ते जानेवारी २०२० च्या अखेरीस आपल्या देशानेच पाहिले. नव्या करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनात चार लहान तुकडे नव्याने शिरलेले असून ते एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात, असा दिल्लीतील काही संशोधकांचा मसुदा समीक्षेपूर्वीच ऑनलाइन प्रसिद्ध झाला. जगभर कल्लोळ झाला आणि काही दिवसांतच तो मसुदा मागे घेण्यात आला. त्यातील काही तुकडे अवघे सहा अमिनो आम्लांचे होते. वीस अक्षरांच्या लिपीत सहा अक्षरांचे शब्द ६ कोटी ४० लाख होतात, आणि प्रथिनांच्या सार्वजनिक संग्रहांत अब्जावधी अक्षरे आहेत. त्यामुळे सहा अक्षरांचा कोणताही शब्द तेथे शोधला, तर तो शेकडो ठिकाणी निव्वळ योगायोगाने सापडणारच. ब्लास्ट प्रत्येक जुळणीसोबत ई-व्हॅल्यू देते ती नेमकी यासाठी : इतकी चांगली जुळणी या आकाराच्या संग्रहात केवळ योगायोगाने किती वेळा मिळेल, हे ती सांगते. तो रकाना न वाचता शेजारचा टक्केवारीचा रकाना वाचणे, ही नवशिक्यांची सवय आहे असे मी समजत होते. त्या आठवड्यात माझा समज दुरुस्त झाला.

घाईत केलेले निदान मागे घेता येते, पण संग्रहात शिरलेले निदान काढणे महाकठीण असते. एकाने ‘अमुक-सदृश’ लिहिले, दुसऱ्याने आपल्या विषाणूतील प्रथिन त्याच्याशी जुळले म्हणून ‘अमुक’ लिहिले, तिसऱ्याच्या आज्ञावलीने ते आपोआप उचलले. तीन हातांतून गेल्यावर कोणीच न केलेला प्रयोग सर्वांना केलेला वाटू लागतो. २००९ मधील एका अभ्यासात ३७ विकर-कुटुंबांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणसांनी एकेक नोंद वाचून राखलेल्या स्विसप्रॉट संग्रहात चुका जवळपास शून्य होत्या, तर इतर मोठ्या संग्रहांत चुकीच्या नोंदींचे सरासरी प्रमाण विकरांच्या महाकुटुंबागणिक ५ ते ६३ टक्क्यांपर्यंत होते. पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्रातून २००४ साली ‘व्हिरजेन’ नावाचा विषाणूंच्या जनुकक्रमांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. अशा संग्रहाच्या एकेका ओळीमागे किती डोळे दुखलेले असतात, हे ते काम जवळून न पाहिलेल्याला उमगत नाही, आणि त्या श्रमांचा कोठे गौरवही होत नाही.

तर मग सत्तेचाळिसाव्या ओळीचे आम्ही काय केले? दोघींनी मिळून तिच्या प्रथिनाची रचना करोना विषाणूच्या पहिल्या मॅक्रोडोमेनवर ठेवून पाहिली. खोबणी आहे. ग्लायसिनचा लवचिक दुवा आहे. पण ज्या अस्पॅराजिनला बदलल्याने सार्सचा विषाणू उंदरांत नरम पडला, त्याच्या जागी येथे सेरिन आहे, आणि मिळालेल्या जवळच्या नातेवाइकांच्या नऊही मालिकांत त्या जागी सेरिन किंवा थ्रिओनिनच आहे. म्हणजे हा एखाद्याच प्रतीतला लेखनदोष नाही. त्यामुळे एडीपी-रायबोज तेथे बसत असेल, नसेलही. बसले तरी काढले जाईल असे म्हणायला आज आधार नाही. जनुक कृत्रिमरीत्या बनवून घेण्यासाठी पाठवले आहे. प्रथिन हाती आले की, एडीपी-रायबोज मिसळल्यावर ते किती तापमानाला उलगडते ते पाहू, आणि मग खुणा चढवलेल्या प्रथिनावर त्याची क्रिया तपासू. तोवर तक्त्यात तिने लिहिले आहे : ‘मॅक्रोडोमेन-सदृश घडी, रचनेवरून, क्रियाकेंद्रातील अस्पॅराजिन अनुपस्थित, एडीपी-रायबोजशी बंध व क्रिया तपासलेली नाही, फेजमधील भूमिका अज्ञात’. एवढा मजकूर मावावा म्हणून तिला तो रकाना दुप्पट रुंद करावा लागला, आणि आता तक्ता छापताना पान आडवे घ्यावे लागते.